तार, खिळा आणि वही

टेलिफोन नुकताच घराघरांत आला होता, त्या काळातले कोणतेही मध्यमवर्गीय मराठी घर आठवून पाहा. तिथे तीन गोष्टी तीन ठिकाणी असत. खिडकीच्या गजाला तारेचा एक आकडा अडकवलेला असे. आलेले पत्र वाचून झाले की ते त्या तारेत खोचायचे. विजेचे बिल भरले की पावतीही तिथेच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला कॅलेंडर. १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ निघाले आणि पुढे कित्येक घरांत खिळ्याची ती जागा त्याचीच झाली. त्यावर दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, इस्त्रीला दिलेल्या कपड्यांचा आकडा. आणि टेलिफोनशेजारी, दोरीने बांधलेल्या पेनासकट, कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेली नंबरांची वही.

पत्र, तारीख आणि पत्ता. तिघांचे एकमेकांशी नाते होतेच. लग्नाची पत्रिका आली की ती तारेत जाई, मुहूर्ताची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवली जाई आणि वधूपित्याचा बदललेला पत्ता वहीत चढे. एका पत्रिकेसाठी घरातल्या घरात तीन फेऱ्या! तरीही तार, खिळा आणि वही एकत्र करावी, असे घरच्या गृहिणीच्या मनात कधी आले नाही.

एकत्र करण्याचा प्रयत्न कागदावरही झाला होता, नाही असे नाही. दर जानेवारीत औषध कंपन्या, बँका, छापखाने यांच्याकडून डायऱ्या भेट येत. दर दिवसाला एक पान आणि शेवटी पत्ते लिहिण्यासाठी दहा-बारा पाने. गृहस्थ मोठ्या उत्साहाने सगळे पत्ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढत. पुढच्या जानेवारीत नवी डायरी येई आणि पुन्हा तेच पत्ते उतरवण्याची वेळ येई. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हात थांबे, आणि मंडळी मुकाट्याने टेलिफोनशेजारच्या वहीकडे वळत. कारण साधे होते. तारखांचे आयुष्य एका वर्षाचे, पत्त्यांचे पंचवीस वर्षांचे. दोघांना एका पुठ्ठ्यात बांधले, की लवकर संपणारा उशिरा संपणाऱ्यालाही बरोबर घेऊन जातो. इंग्लंडातल्या ‘फायलोफॅक्स’ वहीत यावर तोडगा होता. कड्यांची वही, कडी उघडायची, सरलेल्या वर्षाची पाने काढून नवी घालायची, पत्त्यांना हात लावायचा नाही. १९८० च्या दशकात तिकडच्या साहेबमंडळींच्या हातात ती वही प्रतिष्ठेची खूण होऊन बसली. पुठ्ठा एक, पण पाने सुटी. संगणक बनवणाऱ्यांना हा तोडगा नव्याने सापडायला बराच काळ जावा लागला.

दिसण्यापुरता मात्र त्यांनी तो लगेच उचलला. १९९० च्या दशकात ‘लोटस ऑर्गनायझर’ नावाचे एक सॉफ्टवेअर होते. पडद्यावर हुबेहूब कड्यांची वही, कडेला रंगीत पट्ट्या. नको असलेली नोंद टोपलीत टाकली की टोपलीतून ज्वाळा निघत आणि नोंद जळून जाई! मग १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ऑफिस ९७’ बरोबर ‘आऊटलुक’ आणले. टपाल, भेटीच्या वेळा, पत्ते, कामांची यादी, टिपणे, सगळे एका खिडकीत. तेव्हापासून ‘सगळे एकत्र असावे की वेगवेगळे?’ हा वाद सुरू आहे, तो अजून मिटलेला नाही.

एकत्रवाल्यांची बाजू कच्ची आहे, असे कोणी समजू नये. माझी पुतणी पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. हा विषय काढला तर ती हसते. ‘काका, तुमचं ठीक आहे. मला दिवसाला पाच-सहा मीटिंगा असतात. बोलावणं मेलमध्ये येतं, मी ‘येते’ म्हटलं की ते आपोआप कॅलेंडरमध्ये बसतं. बारा जणांची रिकामी वेळ एका नजरेत दिसते. हे तीन ठिकाणी कोण करत बसणार?’ तिचे म्हणणे खरे आहे. कचेरीत टपाल, वेळ आणि माणूस या तीन गोष्टी एकाच कामाचे तीन अवयव असतात. पूर्वी हे काम साहेबांची सेक्रेटरी करी. आऊटलुकने सेक्रेटरीचे टेबल पडद्यावर आणले.

पण त्याच पुतणीने दोन वर्षांपूर्वी नोकरी बदलली तेव्हा आधीच्या कंपनीतले तिचे खाते शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद झाले. टपाल कंपनीचे होते, ते गेले याचे तिला काहीच वाटले नाही. मीटिंगा तर संपल्याच होत्या. पण सात वर्षांत जोडलेली माणसे, त्यांचे नंबर, कोणाच्या मुलीचे नाव काय, कोण कुठल्या शाखेतून कुठे गेला, हेही त्याच खिडकीत होते. कंपनीच्या दृष्टीने तीही कंपनीचीच मालमत्ता. तीन गोष्टी एकत्र बांधल्या की मालकही एकच होतो. टपाल पाठवणाऱ्याकडून येते, कॅलेंडर चारचौघांचे असते. पण नंबरांची वही आपण एकेक माणूस जोडत भरलेली असते. मला या सगळ्या वादात हाच मुद्दा मोठा वाटतो, आणि सॉफ्टवेअरची तुलना करणारे लोक नेमके त्यावरून पुढे निघून जातात.

एकत्र बांधण्याचे परिणाम काय होतात, याचे धडे गेल्या तीसेक वर्षांत भरपूर मिळाले आहेत. जुन्या आऊटलुकमध्ये घरगुती वापरात हे सगळे एकाच फाइलमध्ये साठत असे. तिला पीएसटी फाइल म्हणत. २००२ च्या आवृत्तीपर्यंत या फाइलची मर्यादा २ गिगाबाइट होती. आज हा आकडा किरकोळ वाटतो, तेव्हा तो डोंगराएवढा होता. पण पुढे लोक एकमेकांना फोटो आणि गाणी पाठवू लागले आणि डोंगर भरला. मर्यादा ओलांडली की फाइल उघडायलाच नकार देऊ शकत असे. मग ती दुरुस्त करण्यासाठी तिचा काही भाग कापून टाकण्याचे वेगळे साधन मायक्रोसॉफ्टला द्यावे लागले. पत्त्यांची सगळी वही मिळून त्या फाइलमध्ये जागा किती घेत असेल? एखाद्या फोटोएवढी. पण कोणीतरी पाठवलेल्या भल्यामोठ्या चित्रांच्या ओझ्याखाली ती चिमुकली वहीही गाडली जाई. २००३ मध्ये फाइलची रचना बदलली, मर्यादा दहा पटींनी वाढली, आणि तो त्रास मागे पडला.

दुसरा धडा चोरीचा. २६ मार्च १९९९ रोजी ‘मेलिसा’ नावाचा विषाणू पसरला. तो ई-मेलसोबतच्या वर्डच्या फाइलमधून येई, आऊटलुकमधली पत्त्यांची वही उघडी आणि पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवून देई. पुढच्याच वर्षी, मे २००० मध्ये, फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ निघाला. त्याने तर ५० ची मर्यादाही ठेवली नाही. प्रेमपत्राचे नाव आणि पाठवणारा ओळखीचा, म्हणजे उघडणारच की! जगभरच्या कचेऱ्यांना टपाल बंद ठेवून बसावे लागले. हे विषाणू फार हुशार नव्हते. जिथे कोणीही अनोळखी माणूस काहीही टाकू शकतो ती टपालपेटी आणि जिथे आपली सगळी माणसे आहेत ती वही, यांच्यामधले दार सताड उघडे होते, एवढेच.

तिसरा धडा चोराने नव्हे, घरमालकाने दिला. फेब्रुवारी २०१० मध्ये गूगलने जीमेलमध्ये ‘बझ’ नावाची सोय घातली. तुम्ही ज्यांना जास्त ई-मेल करता ते तुमचे मित्रच असणार, असे गृहीत धरून तिने लोकांची मित्रमंडळी आपोआप तयार केली आणि ती यादी इतरांना दिसू शकेल अशी ठेवली. आता माणूस जास्त ई-मेल कोणाला करतो? वकिलाला, डॉक्टरला, सोडून जाऊ पाहत असलेल्या नोकरीच्या जागी नवी शोधून देणाऱ्याला. गदारोळ झाला, प्रकरण अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगापर्यंत गेले, २०११ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षाअखेर बझ बंद पडले.

आता वेगळेवाल्यांकडे वळू. त्यांचा आद्य नमुना म्हणजे १९९६ सालचा ‘पायलट’, तळहातावर मावणारा पामचा संगणक. तो बनवणारे जेफ हॉकिन्स आधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन हिंडत आणि वेळ विचारली की ठोकळा काढून त्यावर टिचक्या मारल्याचे नाटक करत. असला माणूस यशस्वी होणारच! पायलटला खाली चार बटणे होती: तारखा, पत्ते, कामे आणि टिपणे. एक बटण, एक काम. ई-मेल नव्हतेच. ॲपलनेही तोच रस्ता धरला. टपालाचा, तारखांचा आणि पत्त्यांचा प्रोग्रॅम वेगवेगळा. आणि २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा त्याच सवयी फोनवर आल्या. आज आपल्या खिशातल्या फोनवर तीन वेगळी चित्रे दिसतात, त्याचे मूळ असे जुने आहे.

मोझिलाची कथा तर या वादाची चालतीबोलती कुंडलीच आहे. १९९७ मध्ये नेटस्केप कंपनीने ‘कम्युनिकेटर’ काढला. त्यात इंटरनेट पाहणे, टपाल, चर्चागट, पाने बनवणे सगळे होते. तो इतका जड होता, की सुरू करून चहा टाकायला जावे. त्याचा वारसा मोझिलाकडे आला, आणि २००३ मध्ये त्या मंडळींनी वाटण्या करायचे ठरवले. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘फायरफॉक्स’ वेगळा निघाला, डिसेंबरमध्ये टपालासाठी ‘थंडरबर्ड’. तारखांसाठी ‘सनबर्ड’ हे तिसरे पाखरूही सोडले. फायरफॉक्सने जग जिंकले. सनबर्ड मात्र १.० या आवृत्तीपर्यंतही पोचला नाही, २०१० मध्ये त्याचे काम थांबले. लोकांना टपालाशेजारी कॅलेंडर हवेच होते. मग ‘लाइटनिंग’ नावाने ते थंडरबर्डला जोडता येऊ लागले आणि २०१५ पासून थंडरबर्डबरोबरच येऊ लागले. वेगळे निघालेल्या भावाने अकरा वर्षांत पुन्हा एक चूल मांडली! आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये थंडरबर्ड अँड्रॉइड फोनवर आला तो परत फक्त टपालापुरता.

याहून मोठे स्वप्न पाहणारेही होऊन गेले. लोटस कंपनीचे एक संस्थापक मिच केपोर यांनी २००२ मध्ये ‘चँडलर’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. टपाल, भेट, काम हे भेदच खोटे आहेत. सगळ्या नोंदी एकाच मातीच्या, त्यांना हवा तो आकार देता यावा, अशी कल्पना. ऐकायला वेदान्तासारखी सुंदर. चांगले प्रोग्रॅमर, पैशाची ददात नाही. तरी पहिली पूर्ण आवृत्ती यायला ऑगस्ट २००८ उजाडले, आणि तोवर केपोर स्वतः बाजूला झाले होते. स्कॉट रोझेनबर्ग या पत्रकाराने या प्रकल्पाजवळ राहून ‘ड्रीमिंग इन कोड’ हे पुस्तक लिहिले, ते २००७ मध्ये आले. म्हणजे प्रकल्पावरचे पुस्तक प्रकल्पाच्या आधी पूर्ण झाले!

या सगळ्या गदारोळात खरे महत्त्वाचे काम झाले ते कोणाच्या फारसे लक्षात न येता. १९९८ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या तंत्रज्ञांनी तारखा आणि पत्ते लिहिण्याची एक सर्वमान्य पद्धत प्रसिद्ध केली. तारखांसाठी ‘आयकॅलेंडर’, पत्त्यांसाठी ‘व्हीकार्ड’. व्हीकार्डची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहता येते. एका ओळीत नाव, एका ओळीत फोन, एका ओळीत पत्ता. आजोबांच्या वहीइतकी सरळ. पुढे २००७ मध्ये तारखांचे आणि २०११ मध्ये पत्त्यांचे दळणवळण कसे करायचे तेही ठरले. याचा अर्थ असा, की साठवण एका ठिकाणी ठेवून तिच्याकडे पाहायची खिडकी हवी ती लावता येऊ लागली. लिनक्सवाल्यांच्या ‘कॉन्टॅक्ट’ या सॉफ्टवेअरने २००४ मध्येच टपाल, तारखा आणि पत्ते यांचे तीन स्वतंत्र प्रोग्रॅम एका चौकटीत बसवून दाखवले होते. फायलोफॅक्सची कडी पुन्हा सापडली ती इथे.

खिडकी आणि साठवण यांतला हा फरक कळला की पुष्कळ गोष्टी उलगडतात. ‘मेलबॉक्स’ नावाचे टपालाचे एक सुरेख ॲप २०१३ मध्ये ड्रॉपबॉक्सने विकत घेतले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत बंद केले. ‘सनराइज’ हे कॅलेंडर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतले, तेही पुढच्याच वर्षी मिटले. चाहते हळहळले, पण त्यांच्या तारखा आणि पत्रे प्रामुख्याने दुसरीकडे साठलेली होती. खिडकी बंद झाली, घर शाबूत राहिले. विंडोजमध्ये टपाल, कॅलेंडर आणि माणसे अशी तीन सुटसुटीत ॲपे फुकट मिळत; ३१ डिसेंबर २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने त्यांचा आधार काढून घेतला आणि सगळ्यांना नव्या आऊटलुककडे वळवले. थोडक्यात, वेगळे ॲप घेतले म्हणजे सुटलो असे नाही. लहान दुकाने लवकर मिटतात, आणि आपल्या टपालाची किल्ली त्यांच्या हाती द्यावी लागते ती वेगळीच.

उलट फसवणूकही होते. जीमेल २००४ मध्ये आले, गूगलचे कॅलेंडर २००६ मध्ये, पत्ते सोबत आहेतच. फोनवर ही तीन वेगळी चित्रे दिसतात म्हणून आपण वेगळेवाले आहोत असे वाटते. प्रत्यक्षात बाहेरून तीन दारे, आत एकच खोली, आणि कुलूपही एकच. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आजारी मुलाचा फोटो डॉक्टरला दाखवण्यासाठी काढला. यंत्राने तो गैरप्रकार समजून त्याचे गूगलचे खाते बंद केले. टपाल, पत्ते, फोटो गेले. फोनची सेवाही गूगलचीच असल्याने नंबरही गेला. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवले. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये ही हकीकत छापली. तोपर्यंतही खाते परत मिळालेले नव्हते.

एवढ्या लांब जायचेही कारण नाही. आमच्या इमारतीतल्या एका काकांना मागच्या पावसाळ्यात अचानक इस्पितळात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. फोन काकूंकडे होता, पण बॅटरी उतरली आणि पुन्हा सुरू केल्यावर तो पिन मागू लागला. नुसत्या बोटाचा ठसा त्याला पुरेना. नागपूरचे दीर, बेळगावची नणंद, नेहमीचे डॉक्टर, सगळे त्या काचेच्या आत. ‘नंबर कधी पाठच केले नाहीत हो, ह्यांच्या फोनमध्ये असतात,’ काकू म्हणाल्या. शेवटी त्यांच्या सुनेला कपाटाच्या खणात जुनी वही सापडली. नागपूरचा घरचा नंबर बंद झालेला. पण शेजारी पेन्सिलीने ‘पी.पी.’ म्हणून समोरच्या घरातला एक नंबर लिहिलेला होता, आणि तो लागला! समोरच्यांनी जाऊन दिरांना उठवले. ते सकाळी निघाले. काका आता बरे आहेत.

तेव्हापासून या वादात माझे मत पक्के झाले आहे. टपाल कुठेही असो. आठवड्याने त्याची किंमत रद्दीएवढी. कॅलेंडर घरात सगळ्यांना दिसेल असे एकच असावे, मग ते फोनवर असो की खिळ्यावर. ते टपालाला जोडलेले असले तरी चालेल. फक्त टपालातून येणारे प्रत्येक निमंत्रण आपोआप त्यात घुसू देऊ नये, कारण २०१९ मध्ये बक्षिसांच्या खोट्या निमंत्रणांनी लोकांची कॅलेंडरे भरून गेली होती. नंबरांची वही मात्र वेगळी हवी. ती व्हीकार्डच्या फाइलमध्ये काढून स्वतःपाशी ठेवता येते, फोनच्या पत्त्यांच्या ॲपमध्ये त्याची सोय असते, आणि कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांची तर जरूर काढावी. दोन वर्षे न वापरलेली खासगी खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून पुसू लागले आहे. मुलाने हौसेने उघडून दिलेली आणि नंतर कोणी न पाहिलेली आईची खाती थोडी नसतील.

गेल्या रविवारी सासऱ्यांच्या फोनमधली वही अशीच काढायला बसलो. काढण्याआधी नावे कुठे साठतात ते पाहावे लागते. काही सिमकार्डवर निघाली; सिमवर साधारण अडीचशे नावे मावतात आणि नावापुढे नंबराखेरीज फार काही लिहिता येत नाही. काही निव्वळ फोनमध्ये होती, फोन पाण्यात पडला की गेली अशी. उरलेली गूगलच्या खात्यात, ज्याचा पासवर्ड घरात कोणालाच माहीत नव्हता. त्यांचे बालमित्र एका ठिकाणी, पेन्शनच्या कचेरीतले साहेब दुसऱ्या ठिकाणी, आणि सख्खी बहीण सिमवर ‘ताई नवीन’ या नावाने. ‘ताई जुनी’ कुठे आहे, विचारले तर ते म्हणाले, ‘अरे, तीच ती. नंबर नवीन आहे.’ दुपारभर बसून सगळी नावे एका फाइलमध्ये आणली, आठ पाने छापून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून पहिले पान वाचले आणि पेन मागितले. गॅस एजन्सीचा नंबर तीन वेळा आला होता. त्यातले दोन त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले.